कातळावरची गोल्फ कार्ट: टायर आधी, लिफ्ट मागाहून

देवगडजवळ कातळावर आमची कलमांची बाग आहे आणि बागेतच पाहुण्यांसाठी चार खोल्या. फाटकापासून घरापर्यंत सगळी वाट जांभ्याची, मध्ये दोन पऱ्हे म्हणजे ओहोळ, शेवटी चांगलाच चढ. म्हातारी माणसं, सामान आणि हंगामात आंब्याचे क्रेट या वाटेने न्यायला आम्ही जुनी क्लब कार डीएस ही गोल्फ कार्ट घेतली, ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. हीच घेतली, कारण तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमची असते. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण गाडी मुळात हिरवळीवर फिरण्यासाठी बनवलेली. टायर १८ इंच उंचीचे, बारीक नक्षीचे, गवत उखडू नये असे. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दोन माणसं आणि खेळाचं सामान यांच्या हिशेबाचे. कातळावर हे चालत नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियल, म्हणजे गिअरचा फुगीर डबा, दगडाला घासतो आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत जातो.

अशा वेळी जो तो लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचा संच, सुचवतो. ते बसवलं की गाडी उंच दिसते, पण वर जाते ती बॉडी. मागचा अ‍ॅक्सल होता तिथेच राहतो, आणि दगडाला लागतो तो नेमका तोच. अ‍ॅक्सल उचलतो फक्त टायर, तोही वाढलेल्या उंचीच्या निम्मा. १८ वरून २० इंचांवर गेलात तर एक इंच मिळतो, २२ वर गेलात तर दोन. मोठा टायर आत घासू नये एवढ्यासाठीच लिफ्ट लागते. म्हणून आधी टायर ठरवा, मग त्याला पुरेल तेवढीच लिफ्ट घ्या.

आम्ही २० बाय १०–१० घेतले (२० इंच उंची, १० इंच रुंदी, १० इंची रिम), ऑल-टेरेन नक्षीचे, सहा प्लायचे, म्हणजे सहा थरांच्या ताकदीचे. २२ इंची का नाही? १८ वरून २२ वर गेलं की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जवळपास २२ टक्के जास्त पुढे जाते. सपाटीवर वेग वाढतो, पण चढावर ओढ त्याच प्रमाणात कमी होते. मग मोटर जास्त करंट खेचते, केबल तापतात, बॅटरी लवकर उतरते. शिवाय ब्रेक फक्त मागच्या चाकांना, ड्रमचे. टायर मोठा झाला की तेच ड्रम कमी पडतात. भरल्या गाडीने आमचा उतार उतरायचा तर मला हे नको होतं. २० इंचीत हाच फरक ११ टक्क्यांचा आहे, आणि तो आमच्या चढावर जाणवतो पण अडवत नाही.

रिमचा मोठा आकार मात्र खडकाळ वाटेवर ठामपणे टाळा. १४ इंची अलॉय रिमवर २०५/३० टायर (२०५ मिमी रुंद, कड त्याच्या ३० टक्के) बसवला की रिम आणि दगड यांच्यामध्ये जेमतेम सहा सेंटीमीटर रबर उरतं. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर ते शोभून दिसतं. आमच्या १० इंची रिमवर पाच इंच उंचीची कड आहे, आणि खरं सस्पेन्शन तिथूनच सुरू होतं. हवा साधारण १८ ते २२ पीएसआय सांगतात. आम्ही १६ ठेवतो. त्याहून उतरवली तर जांभ्याची धार कडेला चिमटा काढते. सहा प्लायमुळे करवंदीचे काटे आणि तोडलेल्या बांबूची खुंटं यांची धास्ती बरीच कमी झाली. मोठ्या गुटक्यांचे चिखलाचे टायर घेऊ नका. कडक कातळावर ते घरघरतात आणि झिजतातही लवकर.

मागे हेवी ड्यूटी पाटे आणि नवे शॉकप घातले, आणि हा खर्च मला लिफ्टपेक्षा जास्त पटला. मागच्या सीटवर दोघं बसली की गाडी पूर्वी बसायची, आता तोल धरते. सासूबाई गोठ्यातून येताना दुधाची किटली मांडीवर धरून बसतात. पूर्वी पऱ्ह्यात उतरताना ती हातात उचलून धरावी लागायची. आता मांडीवरच असते आणि झाकणाशी थेंब येत नाही. "आता बरी चालता गो," असं त्या स्वतःहून म्हणाल्या. आंब्यालाही फायदा आहे. हादऱ्याने देठ मोडला की चीक सालीवर उतरतो आणि डाग पडतो. घरापर्यंत येणाऱ्या क्रेटमध्ये असं फळ आता कमी दिसतं.

उणी बाजूही आहे. रिकामी गाडी मागून आपटते. कडक पाट्यांचा तो गुणच आहे. रुंद टायरमुळे स्टीअरिंग जड झालं आणि कलमांच्या ओळीत वळायला जास्त जागा लागते. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बुशांवर आणि बेअरिंगवर ताण वाढतो, तेव्हा चाक हलवून खुळखुळ तपासत जा. टायर बॉडीबाहेर आल्याने तांबडा चिखल थेट बसणाऱ्यांच्या अंगावर उडायचा. रुंद मडगार्ड लावल्यावर थांबला. चढायची पायरी उंच झाली, म्हणून फॅब्रिकेटरकडून खालची जादा पायरी वेल्ड करून घेतली. गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांसाठी ती हवीच.

पावसात कातळावर शेवाळ धरलं की कुठलीच नक्षी पकड देत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही चढाच्या अलीकडे गाडी थांबवतो आणि पाहुण्यांना हात धरून वर आणतो. चासी गंजत नसली तरी पाटे आणि ते आवळून धरणारे यू-बोल्ट लोखंडाचेच आहेत. पावसाआधी त्यांना ग्रीस लावा, आणि नवी चाकं चढवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक चाकाचे चारही नट पुन्हा आवळून घ्या.