इंजिनखालचा ट्रे लटकत असेल तर क्लिप-बोल्ट किट घ्यावं का? माझा अनुभव

गाडीच्या इंजिनखाली जो काळा प्लॅस्टिकचा ट्रे असतो ना, कोणी अंडरकव्हर म्हणतं कोणी स्प्लॅश शील्ड, तो पक्का करायला जे क्लिप आणि बोल्टचं मिक्स किट मिळतं ते मी घेतलं होतं. बसवून बरेच दिवस झालेत, गाडी भरपूर फिरलीये, म्हणून आता लिहितोय. किट चांगलं आहे, घ्या. पण डबा उघडल्यावर जो पुश क्लिपांचा (भोकात दाबून बसवायच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा) ढीग दिसतो त्यासाठी घेऊ नका, खरी कामाची वस्तू आहे कोपऱ्यातल्या कप्प्यातले रुंद वायसर आणि यू नट (पट्टीच्या कडेवर सरकवून बसवायचा यू आकाराचा नट).

कारण ट्रे सैल होतो तो बऱ्याचदा क्लिप पडली म्हणून नाही, भोक फाटलं म्हणून. ऑइल बदलायचं तर बऱ्याच गाड्यांत ट्रे काढावा लागतो, दर वेळी क्लिपा उचकटायच्या, वरून इंजिनची उष्णता, खालून खडे आणि चिखल, प्लॅस्टिक हळूहळू ठिसूळ होतं आणि भोकाच्या कडेला चीर पडते. मग नवी क्लिप लावा नाहीतर कंपनीचीच लावा, ती त्या फाटक्या भोकातून अलगद खाली येणार. माझ्या गाडीला सर्व्हिसिंगनंतर थोडा वेग घेतला की पुढून फडफड ऐकू यायची, खाली वाकून बघितलं तर पुढचे बोल्ट परत लावलेच नव्हते आणि एका भोकाची कड पार गेलेली. खूप राग येतो अशा कामाचा, कारण बोल्ट परत लावायला असा किती वेळ लागतो!

आता किटबद्दल. बोल्ट सहा एमएमचे, डोक्याला दहाचा पाना लागतो, त्याच्यासोबत बाहेरून २५ ते ३० एमएम रुंदीचे वायसर. हा वायसर फाटलेलं भोक झाकून आजूबाजूच्या चांगल्या प्लॅस्टिकवर टेकतो, त्यामुळे ओढ एका कडेवर न येता पसरते. काही नवीन गाड्यांत ट्रे प्लॅस्टिकचा नसून दाबलेल्या फेल्टसारखा (जाड नमद्यासारखा) असतो, तिथे तर साधा वायसर त्यातून आरपार निघून येतो, रुंदच हवा. आणि वर चेसिसच्या पट्टीतले आटे गेले असतील तर यू नट पट्टीच्या कडेवरून सरकवायचा की नवीन आटे तयार, वेल्डिंग नको काही नको. फक्त बोल्ट ताकद लावून आवळू नका, वायसर टेकला की थोडासाच फिरवा, जास्त आवळलं तर प्लॅस्टिक चेपून पुन्हा चिरतं.

पुश क्लिपा ठीकठाक आहेत. ६ पासून १० एमएमपर्यंतच्या भोकांसाठी मापं आहेत पण अंदाजाने घेतलेली क्लिप बसल्यासारखी वाटते आणि नंतर रस्त्यात गळते, म्हणून व्हर्नियरने भोक मोजा. काढताना मधली पिन आधी वर उचला मग क्लिप ओढा, सरळ पक्कड लावली की क्लिपचे पाय तुटतात. सोबतचं उचकटायचं प्लॅस्टिकचं अवजार मऊ आहे, पहिल्याच वापरात टोक वाकलं. बोल्टवरचं काळं कोटिंगही पाना लागला तिथे उडालं आणि गंज दिसायला लागला, स्टेनलेस दिले असते तर पूर्ण मार्क दिले असते. मी आट्यांना थोडं ग्रीस लावलंय, पुढच्या वेळी सहज सुटावेत म्हणून.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे ट्रेची पुढची कड, आणि याबद्दल किटच्या कागदावर एक ओळ पण नाही. ही कड बंपरच्या खालच्या पट्टीत मुळात जशी अडकते तशीच अडकली पाहिजे, ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं, आपल्या गाडीचं मॅन्युअल किंवा तशीच दुसरी गाडी बघा. ती मोकळी राहिली की समोरची हवा आत शिरते, वेग वाढेल तसा दाब वाढतो आणि अख्खा ट्रे मागे दुमडून रस्त्याला घासायला लागतो किंवा चाकाखाली येतो. मागचे बोल्ट कितीही घट्ट असू देत. म्हणून आधी पुढची बाजू बसवा, मग कडेच्या, शेवटी मागची.

किटमध्ये केबल टाय पण आहेत, रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरते बांधायला उत्तम, पण सायलेन्सरच्या पाइपाजवळ वितळतात, आणि ब्रेकची नळी, वायरिंग, अॅक्सल किंवा स्टिअरिंगच्या रॉडला टाय चुकूनही बांधायचा नाही. चीर गेली असेल तर साधा इन्स्टंट गोंद वाया घालवू नका, ट्रेवर पीपी असं कोरलेलं असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन आहे, त्याला तो धरतच नाही. चिरेच्या टोकाला ३ एमएमचं गोल भोक पाडलं की चीर पुढे सरकायची थांबते, दोन्ही बाजूंना भोकं पाडून टायने शिवून घेतलं की टिकतं. आणि हे सगळं करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका प्लीज, सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना अडसर आणि खाली स्टॅण्ड हवेतच, इंजिन पण थंड होऊ द्या.

ट्रे काढूनच टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला पटत नाही. पाणी आणि चिखल सरळ बेल्टवर आणि अल्टरनेटरवर उडतो, आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरची हवा नीट वळावी म्हणून पण तो ट्रे असतो.

लोखंडी जाड गार्ड असेल तर हे किट घेऊ नका, त्याचं वजन या बोल्टांना पेलणार नाही, त्याला त्याचेच जाड बोल्ट लागतात. आणि ट्रेची भोकं शाबूत असून एखादीच क्लिप गेली असेल तर अख्खा डबा कशाला, त्या मापाची सुटी क्लिप आणा.