इकारुगा (निन्टेंडो स्विच): काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

इकारुगा हा विमानांच्या गोळीबाराचा व्हिडिओ गेम घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इथं गोळ्या चुकवायच्या नसतात, खायच्या असतात. सगळ्या नाही, अर्ध्या. एका बटणावर आपलं विमान पांढऱ्याचं काळं होतं, पुन्हा दाबलं की पांढरं. शत्रू दोनच रंगांचे, गोळ्याही त्याच दोन रंगांच्या. आपण ज्या रंगात असू त्या रंगाची गोळी अंगावर आली की विमानात जिरते आणि ऊर्जेची पट्टी भरत जाते. उलट्या रंगाची एक जरी लागली तरी एक लाइफ गेलं. वर आणखी गोम अशी की उलट्या रंगाचा मार शत्रूला दुप्पट बसतो. म्हणजे पांढऱ्याला झटपट उडवायचं तर काळं व्हायचं, आणि काळं झालं की त्याच्याच पांढऱ्या गोळ्या आपला जीव घेणार. जीव सांभाळायचा की काम लवकर उरकायचं, एवढा एकच पेच आहे आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही.

बाकी सामान काहीच नाही. बॉम्ब नाही, वाटेत गोळा करायच्या बंदुका नाहीत. पट्टी भरली की एका बटणावर लेझरचे बारा झोत सुटतात आणि आपापलं सावज शोधत जातात. झालं. मी ज्या पिढीचा आहे तिनं असले वरून दिसणारे विमानांचे गेम पिवळ्या कॅसेटवर खेळलेत, त्या '९९९९ इन वन'वाल्या, ज्यात तेच चारपाच गेम नावं बदलून भरलेले असायचे. त्यातल्या '१९४२'मध्ये अंगठा दुखेस्तोवर बटण बडवलं की निम्मं काम व्हायचं. इथं फायरचं बटण दाबून ठेवलं तरी चालतं, कारण कस लागतो तो रंग बदलायच्या बटणाचा.

गेम जुना आहे. ट्रेझर या जपानी कंपनीनं तो २००१ च्या डिसेंबरात आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला, पुढच्या वर्षी सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती कन्सोलवर आला आणि निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर यायला २०१८ उजाडलं. दिग्दर्शक हिरोशी इउची, संगीतही त्यांचंच. त्यांचाच आधीचा 'रेडियंट सिल्व्हरगन' हत्यारांनी गच्च भरलेला होता. तिथून इथवर येताना त्यांनी किती काय काय काढून टाकलं, हे दोन्ही खेळल्यावर जाणवतं.

पहिले काही आठवडे मी फक्त जगायचा प्रयत्न केला. खरी मजा चेनमध्ये आहे हे नंतर उमगलं. एकाच रंगाचे तीन शत्रू लागोपाठ मारले की एक साखळी. मग पुढचे तीन, तेही तिघं एकाच रंगाचे. मध्ये भलत्या रंगाचा एक उडाला की साखळी तुटली. पहिल्या साखळीला १००, मग २००, ४००, असं दुप्पट होत होत नवव्यापासून पुढे दर वेळी २५,६००. सगळा स्कोअर यात आहे. त्यामुळे समोर आलेला शत्रू मुद्दाम सोडून द्यावा लागतो, आणि शूटिंगच्या गेममध्ये हात आवरणं फार जड जातं. दादरला रोज उतरणाऱ्याला जिन्यासमोर कुठला डबा येतो हे पाठ असतं, तसं कुठली टोळी कुठून येणार हे पाठ व्हावं लागतं, आणि ती यायच्या आत तिथं जाऊन उभं राहावं लागतं. ज्यांना पाठांतराचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. हा गेम तुमची चपळाई फारशी विचारत नाही. तो दर वेळी अगदी तसाच येतो, आणि तुम्ही तयारी करून आलात का, एवढंच बघतो.

भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामा, तू मुद्दाम गोळ्यांत घुसतोस आणि मरत कसा नाहीस?" त्याच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. दोघं मिळून खेळता येतं, आणि तो प्रकार भन्नाट आहे. एक पांढरा, एक काळा, आणि एकमेकांसमोर ढाल धरायची. पण साखळी त्यानं इतक्या वेळा तोडली की स्कोअरचं नाव काढणं सोडलं.

पातळ्या पाचच. दुसरीत ठोकळ्यांच्या भिंतींमधून वाट काढायची असते, आणि भिंतीला नुसतं घासलं तरी विमान जातं. शत्रूच्या लेझरचा झोत आपल्याच रंगाचा असला तरी तो विमानाला मागे ढकलतो. म्हणून तो पीत असताना मागे काय आहे याचं भान ठेवावं लागतं. शेवटच्या पातळीचा शेवट मात्र अफलातून. आपल्या तोफा बंद, आणि ६० सेकंद नुसतं टिकायचं. इतका वेळ शिकवलेलं सगळं त्या मिनिटात एकदम विचारलं जातं. बॉसना, म्हणजे पातळीच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूंना, वेळेची मुदत असते. ती संपली की ते निघून जातात आणि आपण पुढे. त्यामुळे एकही गोळी न झाडता पातळी पार करता येते. मी पहिली तशी काढलीये, आणि त्या दिवशी घरात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं.

स्क्रीनबद्दल सांगायलाच हवं. गेम उभ्या आर्केड स्क्रीनसाठी बनलाय, म्हणून टीव्हीवर तो मधल्या पट्ट्यात दिसतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या. चार हातांवरून गोळ्यांचे रंग ओळखताना डोळे ताणतात. स्विचचे कंट्रोलर काढून, सेटिंगमध्ये चित्र फिरवून स्क्रीन उभा केला की खरा गेम दिसतो. बाजारात त्यासाठी फ्लिप ग्रिप नावाची प्लास्टिकची चौकट मिळते. मी स्टीलच्या पोह्यांच्या डब्याला टेकवून भागवतो. खिडकीकडे पाठ करून बसा, नाहीतर स्क्रीनवरच्या चकाकीत काळ्या गोळ्या गुडुप होतात.

कुरकुर करण्यासारखं आहेच. सुरुवातीला कुणी काही नीट शिकवत नाही. पातळीच्या तोंडाशी येणाऱ्या गूढ ओळींतून कथा कळत नाही, आणि न कळल्यानं बिघडतही नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत जेमतेम अर्ध्या तासाचा खेळ, त्याला १५ डॉलरच्या आसपास मोजायचे. एकदा संपवून बाजूला ठेवणाऱ्याला हा सौदा महागच पडेल. आणि स्वस्त कंट्रोलरवर खेळू नका. माझ्या एका कंट्रोलरचं रंग बदलायचं बटण दोनदोनदा लागायचं, म्हणजे बदललेला रंग त्याच क्षणी परत मूळचा. या गेममध्ये त्याहून वाईट काही नाही.

घेतलात तर ईझी या सोप्या मोडवर फार रेंगाळू नका. नॉर्मलमध्ये आपल्याच रंगाच्या शत्रूला मारलं की तो मरतामरता गोळ्या सोडतो, आणि त्या खाऊन पट्टी भरते. ईझीत ही मेजवानीच नाही, त्यामुळे लेझर भरायला वेळ लागतो आणि गेमचा अर्धा डाव कळतच नाही. पहिली पातळी नॉर्मलवर, रंगाकडे लक्ष ठेवून आणि स्कोअरकडे दुर्लक्ष करून खेळा. बॉसपर्यंत पोचायला लागलात की मग तीनतीन मोजायला सुरुवात करा.