दिलेल्या लेकी आणि तिसरा रकाना : ठाण्यातील एका अभ्यासमालेविषयी

आपल्याकडे मुलीचे लग्न झाले की पहिला प्रश्न येतो, "कुठे दिली?" नाशिकला दिली, सांगलीला दिली, चांगल्या घरी दिली. हे क्रियापद आपण इतक्या सहज वापरतो की त्यात देणारा कोण, घेणारा कोण आणि मध्ये काय ठेवले गेले, याकडे लक्ष जात नाही. पुराणांत, दंतकथांत आणि राजघराण्यांच्या इतिहासात अशा रीतीने 'दिलेल्या' लेकींवर नौपाड्यातील एका लहानशा सभागृहात यंदाच्या पावसाळ्यात पाच शनिवारांची सशुल्क अभ्यासमाला झाली. शुल्क १,२०० रुपये होते आणि वेळ संध्याकाळी पाच ते सात अशी होती. मी ऐरोलीहून लोकलने येऊन पाचही शनिवार बसले. पुढील खेपेस नाव नोंदवावे की नाही, असा प्रश्न ओळखीतल्या चौघींनी विचारला, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न ठाण्यातच झाले. कन्यादानाच्या वेळी काशाच्या पात्रावर जावयाची, मुलीची आणि माझ्या यजमानांची ओंजळ होती आणि त्यांवर मी पाण्याची धार धरली होती. 'कन्यां कनकसंपन्नाम्' हा श्लोक म्हणताना गुरुजींनी आम्हाला धार तुटू देऊ नका असे बजावले होते, त्यामुळे माझे सगळे लक्ष त्या पाण्यात होते आणि शब्दांकडे ते गेलेच नाही. पुढे शब्द आठवले, त्यांचा अर्थ (ब्रह्मलोक मिळावा म्हणून सोन्याने नटलेली ही कन्या तुला देतो) लावून पाहिला आणि मन बेचैन झाले. या मालेची जाहिरात पाहिली तेव्हा नाव नोंदवण्याचे कारण एवढेच होते.

पहिला शनिवार माधवीचा होता, आणि पाचांपैकी तोच सर्वांत उत्तम झाला. महाभारताच्या उद्योगपर्वातील ही कथा मी तुटक ऐकलेली होती. ती हिशेबासह समोर मांडलेली प्रथमच पाहिली. गालवाला विश्वामित्रासाठी गुरुदक्षिणा म्हणून एक कान काळा असलेले आठशे शुभ्र घोडे हवे असतात. तो ते मागायला जातो त्या राजा ययातीकडे असे घोडे नाहीत आणि दारी आलेल्या याचकाला विन्मुख पाठवणे त्याला मान्य नाही, म्हणून तो आपली मुलगी माधवी गालवाच्या हवाली करतो. गालव तिला अयोध्येच्या हर्यश्वाकडे, काशीच्या दिवोदासाकडे आणि भोजांच्या उशीनराकडे नेतो. प्रत्येकाकडून दोनशे घोडे मिळतात आणि प्रत्येकाला तिच्यापासून एक मुलगा होतो. पुढे घोडे उरलेलेच नसतात, तेव्हा शेवटच्या दोनशेंच्या ऐवजी माधवीच विश्वामित्राला दिली जाते. व्याख्यात्या बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात घोडे लिहिले, दुसऱ्यात वसुमना, प्रतर्दन, शिबी आणि अष्टक ही मुलांची नावे लिहिली, आणि तिसऱ्या रकान्यावर 'ती काय म्हणाली' एवढे लिहून खडू खाली ठेवला.

आम्हा सगळ्यांना वाटले की तो रकाना रिकामाच राहणार. बाईंनी मूळ पाठ काढून दाखवले की तो रिकामा नाही. प्रत्येक प्रसूतीनंतर आपण पुन्हा कन्याच होऊ असा वर मिळाला असल्याचे माधवी स्वतः गालवाला सांगते आणि चार राजांना देण्याचा मार्ग तीच सुचवते. हे तिचे स्वतःचे बोलणे मानायचे, की हिशेब जुळावा म्हणून कथेने तिच्या तोंडी घातलेले वाक्य मानायचे, यावर सभागृहात अर्धा तास चर्चा झाली आणि ती बाईंनी घाईने मिटवली नाही, हे मला फार आवडले. पुढे ययाती तिचे स्वयंवर मांडतो आणि पुरू व यदू हे भाऊ तिला रथातून गंगा-यमुनेच्या संगमावरील आश्रमात आणतात. तिथे जमलेल्या सर्व वरांना ओलांडून ती वनाला वरते. मूळ श्लोकात 'वर' आणि 'वन' हे शब्द शेजारी येतात, आणि ती ओळ बाईंनी दोनदा वाचली तेव्हा मागच्या रांगेतील कुजबुजही थांबली होती. स्वर्गातून खाली पडलेल्या ययातीला पुढे हीच माधवी आपल्या तपाचा अर्धा वाटा देते. ज्याने तिला दिले, त्यालाच तिने हे दिले. या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा ते बाईंनी आमच्यावर सोडले.

तिसरा रकाना हीच या मालेची खरी कमाई आहे, आणि पुढची व्याख्याने मी त्याच मापाने मोजली. दुसऱ्या शनिवारी विदर्भाच्या लेकी होत्या. अगस्त्याला मुलगी द्यायची म्हणून विदर्भराजा कासावीस होतो, नकार दिला तर शापाची भीती असते; तेव्हा लोपामुद्राच वडिलांना सांगते की माझ्यापायी आपण त्रास करून घेऊ नका, मला अगस्त्यांना द्या आणि स्वतःला वाचवा. 'मला द्या' हे मुलीच्या तोंडचे शब्द ऐकून मी वहीत रेघ ओढली. त्यानंतर रुक्मिणी आली. तिच्या बाबतीत हा रकाना काठोकाठ भरतो, कारण भागवतात तिचा निरोपच शब्दशः आहे: भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला मान्य नाही, लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला कुलाचाराप्रमाणे मिरवणूक निघते, तेथून मला घेऊन जावे. पळून जाण्याचा बेत वेळेसह आणि जागेसह तिनेच आखलेला आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते. आमच्या घरी लग्न लांबलेल्या मुलीला एकनाथांचे 'रुक्मिणी स्वयंवर' वाचायला बसवत असत. घरच्यांनी ठरवलेले स्थळ मोडणाऱ्या मुलीची कथा घरच्यांनी ठरवलेले स्थळ जुळावे म्हणून वाचली जाते, हे मला त्या संध्याकाळी प्रथमच जाणवले. गांधारीचा भाग मात्र धावता झाला.

तिसरा शनिवार राजघराण्यांचा होता. त्यात एक मोठी चूक ऐकावी लागली आणि एक अमूल्य गोष्ट मिळाली. चूक अशी, की चंद्रगुप्त मौर्याला सेल्यूकसने आपली मुलगी हेलेना दिली, असे नावासह ठामपणे सांगितले गेले. ग्रीक लेखक स्ट्रेबो एवढेच सांगतो की विवाहसंबंधाचा करार झाला, सिंधूकडील प्रदेश दिला गेला आणि मोबदल्यात पाचशे हत्ती मिळाले. कोणाची मुलगी कोणाला दिली, हे तो सांगत नाही आणि नाव तर मुळीच देत नाही. जी माला 'ती काय म्हणाली' असे विचारते, तिने तरी कल्पित नाव इतिहास म्हणून सांगू नये. मी प्रश्नोत्तरांत हे मांडले आणि पुढच्या शनिवारी बाईंनी सर्वांसमोर दुरुस्ती केली, हेही इथे नोंदवले पाहिजे.

अमूल्य गोष्ट म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली ही मुलगी विदर्भाच्या वाकाटक घराण्यातील राजा रुद्रसेन दुसरा याला दिली. पती लवकर गेला आणि मुलगे लहान होते, म्हणून राज्यकारभार तिने पाहिला. पुणे ताम्रपट या नावाने ओळखला जाणारा तिचा दानलेख नागपूरजवळच्या नंदिवर्धनाहून दिलेला आहे. त्याचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवले आणि बाईंनी काठीने एकेक अक्षर दाखवत वाचले. सासरच्या राज्यात, सासरच्या राजधानीतून दिलेल्या या लेखाची सुरुवात गुप्तांच्या वंशावळीने होते, आणि ती स्वतःचे गोत्र 'धारण' सांगते, जे तिच्या माहेरचे गोत्र आहे. लग्नानंतर मुलीचे गोत्र बदलते हे आपण गृहीत धरून चालतो. इथे सोळाशे वर्षांपूर्वीची राणी ते तांब्यावर कोरून नाकारते. त्याच ओघात तिच्या घराण्यातील कुमारदेवीची आठवण निघाली. पहिल्या चंद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजासोबत तिचीही आकृती आणि तिचेही नाव आहे, मागील बाजूस 'लिच्छवयः' अशी तिच्या माहेरच्या लिच्छवी कुळाची अक्षरे आहेत, आणि तिचा मुलगा समुद्रगुप्त स्वतःला लिच्छवींचा दौहित्र, म्हणजे लेकीचा मुलगा, म्हणवून घेतो. तिसरा रकाना तोंडच्या शब्दांनीच भरतो असे नाही, हे मला या तांब्यामुळे आणि सोन्यामुळे कळले.

चौथा शनिवार सर्वांत कमकुवत होता, कारण दोन तासांत तीन शतके कोंबली. बहमनी फिरोजशाहाला विजयनगरच्या देवरायाने मुलगी दिली आणि बंकापूरचा मुलूख आंदण दिला. इतिहासकार फेरिश्ता सांगतो त्याप्रमाणे ज्या लढाईनंतर हे झाले तिचे मूळ मुद्गलच्या एका सोनाराच्या मुलीत होते, जिने रायाची मागणी नाकारली, कारण त्या वाड्यात गेलेली मुलगी पुन्हा आईबापांना भेटत नाही. फेरिश्ता हे दोनशे वर्षांनंतर लिहितो, तरीही त्या नकारासाठी अर्धा तास द्यायला हवा होता. तो पाच मिनिटांत आटोपला. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला आंदण गेला आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलाला केली. या साट्यालोट्याने जुळलेल्या युतीतून जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध राक्षसतागडीची लढाई झाली. ज्या किल्ल्यासह ती गेली त्याविषयी सारे सांगितले, पण १५९५-९६ मध्ये तीच माहेरी परतून अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवते, हा भाग घड्याळाकडे पाहत उरकला. शिवाजी महाराजांनी राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजींना दिली आणि पिलाजीरावांची लेक येसूबाई संभाजीराजांना केली, हे साटेलोटे तर नुसते वाचून दाखवले. या व्याख्यानाचे दोन भाग करणे अत्यावश्यक आहे.

शेवटचा शनिवार ठाणेकरांसाठी खास होता. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिचे लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरले आणि १६६१ च्या तहाने मुंबई बेट आंदणात गेले, हे शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत तो भाग असा, की आंदणात नेमके काय दिले यावरच वाद पेटला. साष्टी आणि ठाणेही आपल्याला मिळाले असे इंग्रजांचे म्हणणे होते, तर बेटापलीकडे काहीच दिले नाही असे पोर्तुगीज म्हणत होते. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला उतरू दिले नाही; कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबलेल्या त्याच्या चारशे सैनिकांपैकी बहुतेक मेले, आणि तोही तिथेच मेला. बेट प्रत्यक्ष हाती आले ते १६६५ मध्ये, आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. ठाणे पोर्तुगीजांकडेच राहिले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले आणि इंग्रजांना ते १७७४ च्या अखेरीस, तेही लढून मिळाले. तेव्हा लढून घेतलेल्या ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, आणि सभागृहातील निम्म्या लोकांचा रोजचा रस्ता त्याच्या भिंतीलगत जातो.

कॅथरीनने मुंबई कधी पाहिली नाही. तिच्या तिसऱ्या रकान्यात बाईंनी एकच प्रसंग लिहिला: नवऱ्याने आपली प्रेयसी तिच्या खास सेवेत नेमण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिने नकार दिला आणि मी माहेरी परत जाईन असे बजावले. त्या वेळी तिला नमावे लागले. पण पती गेल्यानंतर १६९३ मध्ये ती खरोखर लिस्बनला परतली आणि भावाच्या आजारपणात तिने राज्यकारभारही पाहिला.

सोयींविषयी थोडक्यात. दुसऱ्या शनिवारी जागा बदलल्याचे आगाऊ कळवले नाही आणि वयस्कर मंडळींना दोन जिने चढावे लागले. ध्वनिव्यवस्था मागच्या तीन रांगांपर्यंत पोहोचत नाही. हाती दिलेल्या टिपणांत कोणती गोष्ट कोणत्या ग्रंथातून घेतली याचा उल्लेख नाही, आणि अशा विषयात ही उणीव लहान नाही. तरीही शुल्क मला जास्त वाटले नाही, आणि लग्नाच्या वयाच्या मुलींनी आईबापांसह, शक्यतो शेजारी बसून, ही माला ऐकावी असे मी आग्रहाने सुचवीन.

शेवटच्या अर्ध्या तासात बाईंनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि आपल्या घरातील एका दिलेल्या लेकीचे तीन रकाने भरायला सांगितले. मी माझ्या आजीचे भरले. ती तेराव्या वर्षी कल्याणहून मुरबाडकडे दिली गेली. तिच्या वडिलांवर बैलजोडीचे देणे होते आणि ते सासरच्यांनी फेडले, म्हणून पहिल्या रकान्यात बैलजोडी लिहिली. दुसऱ्यात पाच मुलांची नावे आली. तिसऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या लग्नाविषयी आजी कधीही काही विचारले तरी एकच वाक्य सांगत असे, की चौथीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मी तेवढेच लिहिले आणि कागद घरी घेऊन आले.