रेडिएटर: दुरुस्त करावा की नवा टाकावा?

दहा-बारा वर्षांची डस्टर किंवा इकोस्पोर्ट मे महिन्यात बीडचा घाट चढताना गरम होऊ लागली, की पहिला संशय रेडिएटरवर जातो. त्याआधी पंखा फिरतो का आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडतो का, ते बघा. चालू इंजिनात कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत सतत बुडबुडे येत असतील तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलं. मग रेडिएटरला हात लावून उपयोग नाही.

दुरुस्ती स्वस्त पडते, पण ॲल्युमिनियम कोअरच्या (रेडिएटरच्या मधल्या जाळीच्या) एखाद्या नळीला भोक असेल तरच. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी कडेला तडकली असेल तर एम-सील दाबाखाली टिकत नाही. गळती बुजवणारी पावडर तर टाकूच नका, ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाडीला नवाच घ्यावा. आपल्याकडचं पाणी जड, त्यामुळे रेडिएटर आतून क्षार धरतो. सोबत झाकण आणि होजही बदला. जुनं पाणी धुऊन काढा, कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आत अडकलेली हवा काढा. झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं.