आधी तरंगणे, मग पोहणे : मुलांच्या एका जलतरण वर्गाविषयी

माझ्या ७ वर्षांच्या मुलीचा २४ तासिकांचा जलतरण वर्ग नुकताच संपला. बहुतेक तासिका मी काठावर बसून पाहिल्या, त्यामुळे पुढील मत प्रत्यक्ष पाहण्यावर आधारलेले आहे.

पहिल्या ६ तासिकांत मुलांना एकही हात मारायला शिकवला गेला नाही, तेव्हा माझ्यासह अनेक पालकांची चुळबुळ सुरू झाली. मुले नुसती तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढत होती, काठ धरून उठबस करत होती आणि प्रशिक्षकांच्या तळहातावर डोके टेकवून उताणी तरंगत होती. या संथपणाचे मोल मला नंतर कळले. पाण्यात श्वास सोडायची सवय लागली, की तोंड वर येताच श्वास आपोआप आत घेतला जातो. ती नसेल, तर मूल मान ताठ धरते, कंबर आणि पाय खाली जातात व नाकातोंडात पाणी जाऊन धास्ती बसते. दंडाला बांधायचे फुगे येथे पहिल्याच दिवशी काढून ठेवायला लावले, हेही योग्यच होते. फुग्यांमुळे मूल पाण्यात उभे राहते आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवू लागते. पोहायला मात्र आडवे व्हावे लागते. शिवाय फुग्यांनी दिलेला धीर खोटा असतो. फुगे नसतानाही आपण तरंगू, असे समजून मूल खुशाल पाण्यात उतरते.

घाबरणाऱ्या मुलांना येथे कोणी ढकलले नाही. ‘पाण्यात टाकले की आपोआप शिकते’ असे मानणारी माणसे अजूनही भेटतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. माझ्या मुलीने डोके बुडवायला ४ तासिका घेतल्या. प्रशिक्षकांनी तिला कधी घाई केली नाही आणि इतरांसमोर हसण्यावारीही नेले नाही.

तक्रारी दोन आहेत. एका शिक्षकामागे ६ मुले असतील, असे सांगितले होते. प्रत्यक्षात काही दिवस १० मुले होती आणि तलावावर वेगळा जीवरक्षक नव्हता. बुडणारे मूल सहसा हाका मारत नाही, कारण श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती जाते, म्हणून ही ढिलाई किरकोळ म्हणता येत नाही. (काठावरचे पालक मोबाईलमध्ये मान घालून बसत, तो दोष वर्गाचा नाही.) दुसरी तक्रार श्वास रोखण्याच्या शर्यतीची. जोरजोराने श्वास घेऊन बुडी मारली, की शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड वेळेवर जाणवत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. मी हे निदर्शनास आणले, तेव्हा ‘मुलांना मजा येते’ एवढेच उत्तर मिळाले.

शेवटच्या तासिकेला मुलांना रोजच्या कपड्यांत पाण्यात उतरवले. भिजलेल्या कपड्यांच्या भाराने माझी मुलगी प्रथम गोंधळली, पण लगेच उताणी झाली, दम घेतला आणि पाय मारत काठाशी आली. तिचे हात अजून वेडेवाकडे पडतात, पण त्याची मला चिंता वाटत नाही. पुढच्या वर्षी धाकट्यालाही येथेच घालण्याचा विचार आहे. मात्र नाव नोंदवण्यापूर्वी गटात किती मुले असतील आणि ती शर्यत बंद झाली का, हे विचारून घेईन.