मोम्बासा की दार एस सलाम: माल कुठे उतरवाल?

न्हावा शेवाहून पूर्व आफ्रिकेला, म्हणजे केनियातल्या मोम्बासा किंवा टांझानियातल्या दार एस सलाम बंदरात, कंटेनर पाठवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी समुद्राचं भाडं विचारतात. माझं सांगणं असं, की आधी गिऱ्हाइकाचं गाव नकाशावर शोधा. खरा खर्च बंदरापासून पुढे सुरू होतो. कंटेनर रिकामा होऊन परत बंदरावर पोचेपर्यंत शिपिंग लाइनच्या डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर ठेवून घेतल्याच्या आकाराचं, मीटर चालू असतं, त्यामुळे सीमेवर ट्रक अडला की नफा तिथेच जातो.

माल युगांडाच्या राजधानीला, कंपालाला जायचा असेल तर फार विचार करू नका, मोम्बासा घ्या. 1896 मध्ये इंग्रजांनी इथून युगांडा रेल्वे टाकायला घेतली आणि 1901 मध्ये ती व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. त्या रुळांसाठी हिंदुस्थानातून 30,000 वर मजूर नेले, त्यातले सुमारे 2,500 तिकडेच मेले. नैरोबी, मलाबा (केनिया-युगांडा सीमेवरचं नाकं), कंपाला ही वाट आता रुळलेली आहे आणि मोम्बासाहून पुढे दुसऱ्या देशांत जाणाऱ्या (ट्रान्झिट) मालात सर्वांत मोठा वाटा आजही युगांडाचाच.

झांबिया किंवा काँगोतल्या लुबुम्बाशीसाठी दार एस सलाम. 1965 मध्ये ऱ्होडेशियाच्या (आजचा झिम्बाब्वे) गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झांबियाच्या तांब्याची तिथून जाणारी दक्षिणेकडची वाट धोक्यात आली. मग चीनच्या कर्जातून दार ते झांबिया अशी 1,860 किमीची ताझारा रेल्वे उभी राहिली. दारचं जुनं दुखणं म्हणजे बोटी धक्का मिळेपर्यंत बाहेर नांगर टाकून असतात. 2023 मध्ये दुबईची बंदर कंपनी डीपी वर्ल्ड आणि 2024 मध्ये अदानी समूह तिथे आले, पण तेवढ्यावर विसंबू नका. गेल्या महिन्यात बोटी किती दिवस थांबल्या, ते फॉरवर्डरला (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) स्पष्ट विचारा.

खरा पेच रवांडाच्या राजधानीचा, किगालीचा. मोम्बासाहून जाताना केनिया-युगांडा आणि युगांडा-रवांडा अशा दोन सीमा लागतात, दारहून टांझानिया-रवांडामधली रुसुमोची एकच, आणि अंतरही कमी. रवांडा-युगांडा भांडणात त्यांच्या सीमेवरचं गातुनाचं नाकं 2019 ते 2022 मालासाठी जवळजवळ बंदच होतं. 2008 च्या सुरुवातीला केनियात निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, नैरोबीत रूळ उखडले गेले आणि कंपाला, किगालीत पेट्रोलची टंचाई झाली. म्हणून किगालीसाठी मी दारकडे झुकतो. गिऱ्हाइकाचा भरवशाचा क्लिअरिंग एजंट (कस्टममधून माल सोडवणारा) मोम्बासात असेल, तर मात्र बुकिंग करण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या.