गरोदरपणातला हर्पिसचा रिपोर्ट: आयजीएम, आयजीजी की स्वॅब?

टॉर्च प्रोफाइल म्हणजे गरोदरपणात बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित रक्तचाचणी. तिच्या रिपोर्टमध्ये टोक्सोप्लाझ्मा, रुबेला आणि सीएमव्ही या संसर्गांनंतर अगदी खाली ‘एचएसव्ही १+२ आयजीएम’ आणि ‘एचएसव्ही १+२ आयजीजी’ अशा ओळी असतात. एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू; आयजीएम आणि आयजीजी ही त्याच्याविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेली प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी). त्यातल्या एकीपुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात धास्ती पसरते. खरं तर या एकत्रित चाचणीवरून गरोदरपणातला एकही निर्णय नीट घेता येत नाही. ज्या चाचण्यांवरून घेता येतो त्या वेगळ्या आहेत, आणि त्या प्रत्येकीला लागतात असंही नाही. हातात रिपोर्ट असेल किंवा कुठली चाचणी करावी हे ठरवायचं असेल, तर एकीने काय कळतं आणि दुसरीने काय, हे आधी पाहू.

एक गोंधळ सुरुवातीलाच दूर करू. अंगावर पट्ट्यासारखी उठणारी नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तो कांजिण्यांचा विषाणू, त्याची चाचणीही वेगळी. इथला विषय आहे हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचा टाइप १ बहुधा ओठांवर पुळ्या आणतो, पण जननांगावरही होऊ शकतो. टाइप २ मुख्यतः जननांगाचा.

आयजीएम की आयजीजी

‘आयजीएम म्हणजे नवा संसर्ग, आयजीजी म्हणजे जुना’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. हर्पिसमध्ये ते चालत नाही. जुना हर्पिस पुन्हा उफाळला तरी आयजीएम वाढू शकतं. काही वेळा संसर्ग नसतानाही ते पॉझिटिव्ह येतं. शिवाय टाइप १ आणि टाइप २ यांतला फरक त्याला सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत हर्पिससाठी आयजीएम चाचणी वापरू नये असं म्हटलं आहे.

आमचं मत याहून थोडं कडक आहे. अंगावर एकही फोड नसताना केलेल्या आयजीएमची ओळ वाचूच नये. तेवढ्यावरून औषध सुरू करायचं नाही, आणि गर्भपाताचा विचार तर मुळीच नाही. आधी आपोआप झालेल्या गर्भपातांचं कारण या ओळीत शोधण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. ते कारण या ओळीत सापडत नाही.

आयजीजी जास्त भरवशाचं, पण कुठलं आयजीजी, हे पाहावं लागतं.

‘१+२’ एकत्र की टाइप-स्पेसिफिक

दोन्ही विषाणूंची प्रथिनं बरीचशी सारखी असतात, त्यामुळे साध्या किटमध्ये एकाची प्रतिद्रव्यं दुसऱ्याला चिकटतात. ‘१+२ आयजीजी पॉझिटिव्ह’ याचा अर्थ एवढाच, की आयुष्यात कधीतरी यांपैकी एकाचा तरी संसर्ग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांना टाइप १चा संसर्ग आहे, बहुतेकांना लहानपणीच झालेला. टाइप २चं प्रमाण १५ ते ४९ या वयात सुमारे १३ टक्के. म्हणजे एकत्रित चाचणी पॉझिटिव्ह आली, तर ती बहुधा शाळकरी वयातल्या ओठावरच्या पुळीची आठवण असते.

टाइप-स्पेसिफिक, म्हणजे दोन्ही टाइप वेगळे ओळखणारी चाचणी ग्लायकोप्रोटीन जी या प्रथिनावर बेतलेली असते, कारण ते दोन्ही विषाणूंत पुरेसं वेगळं आहे. लॅबमध्ये फोन करून नेमका हाच प्रश्न विचारावा: ‘किट ग्लायकोप्रोटीन जीचं आहे का?’ रिपोर्टवर टाइप १ आणि टाइप २ अशा दोन ओळी छापल्या आहेत, एवढ्यावरून चाचणी टाइप-स्पेसिफिक ठरत नाही.

आकडा वाचताना

पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या शेजारी एक आकडा असतो, त्याला इंडेक्स म्हणतात. बऱ्याच किटमध्ये ०.९च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ संदिग्ध आणि १.१च्या वर पॉझिटिव्ह धरतात. टाइप २च्या बाबतीत खरी अडचण १.१ ते ३ या पट्ट्यात आहे. इथले बरेच पॉझिटिव्ह खोटे निघतात, विशेषतः टाइप १ आधीच पॉझिटिव्ह असेल तेव्हा. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनेही २०२३ मध्ये टाइप २च्या रक्तचाचण्यांत खोटे पॉझिटिव्ह येण्याबद्दल सावध केलं होतं.

समजा, रिपोर्टमध्ये टाइप १ आयजीजी ८.४ आणि टाइप २ आयजीजी १.६ आहे, आणि जननांगावर कधी फोड आलेला नाही. अशा वेळी ‘टाइप २ झाला आहे’ असं मानायचं नाही. वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या चाचणीने खात्री करावी. वेस्टर्न ब्लॉट त्यात सर्वात विश्वासार्ह, पण सहज मिळत नाही. संसर्गाची शक्यता अलीकडची असेल, तर ज्या शारीरिक संबंधातून तो झाला असावा त्यानंतर १२ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर पुन्हा तपासावं. प्रतिद्रव्यं तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून फार लवकर केलेल्या चाचणीत निगेटिव्ह आलं तरी निश्चिंत होता येत नाही.

दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं’ किंवा ‘कमी झालं’ म्हणू नये, कारण किट बदललं की मोजपट्टीच बदलते. इंडेक्स ३ वरून ९ झाला म्हणून आजार तिप्पट होत नाही.

रक्त की स्वॅब

अंगावर फोड किंवा जखम असेल, तर पहिला मान स्वॅबवरच्या पीसीआरचा, म्हणजे जखमेत काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधण्याचा. रक्त ‘कधीतरी झालं होतं’ एवढंच सांगतं, स्वॅब ‘ही जखम याचीच आहे, आणि टाइप अमुक’ असं सांगतो.

तो घ्यायचा कसा, यावर बरंच काही ठरतं. पाण्याने भरलेला ताजा फोड निवडतात, सुईने तो उघडतात आणि तळाशी स्वॅब जोर देऊन फिरवतात. नुसतं वरचं पाणी टिपून भागत नाही, विषाणू तळाच्या पेशींत असतो. स्वॅब कृत्रिम धाग्याचा आणि प्लॅस्टिकच्या दांडीचा हवा, कारण लाकडी दांडी पीसीआरमध्ये अडथळा आणू शकते. तो व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) जातो, जिवाणूंच्या कल्चरसाठीच्या जेलमध्ये नाही. फॉर्मवर ‘पीसीआर, टायपिंगसह’ असं लिहून घ्यावं. खपली धरल्यावर किंवा असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध सुरू झाल्यावर घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला, तर हर्पिस नाही असं ठरत नाही. फोडातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची झँक तपासणी स्वस्त असली तरी बऱ्याच केसेस तिच्यातून निसटतात आणि टाइप तर तिच्यात कळतच नाही.

फोड पहिल्यांदाच आला असेल, तर स्वॅबच्या दिवशीच टाइप-स्पेसिफिक आयजीजीसाठीही रक्त द्यावं. हे बहुतेक वेळा राहून जातं. दीड-दोन महिन्यांनी घेतलेल्या रक्तात नव्या संसर्गाची प्रतिद्रव्यंही आलेली असतात, मग नवं-जुनं वेगळं करता येत नाही. दोन्ही रिपोर्ट एकत्र असे वाचतात:

| स्वॅब | त्याच दिवशीचं आयजीजी | अर्थ |
|---|---|---|
| टाइप २ | दोन्ही निगेटिव्ह | हर्पिसचा पहिलाच संसर्ग |
| टाइप २ | फक्त टाइप १ पॉझिटिव्ह | टाइप २ नवा, टाइप १ जुना |
| टाइप २ | टाइप २ पॉझिटिव्ह | जुना संसर्ग आत्ता उफाळला |
| टाइप १ | टाइप १ निगेटिव्ह | टाइप १ नवा |

यावरून प्रसूतीत काय बदलतं

गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात झालेला किंवा त्याआधीपासूनचा संसर्ग असेल, तर बाळाला तो होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी. प्रसूतीच्या तोंडावर पहिल्यांदा झाला, तर ३० ते ५० टक्के. एवढी तफावत पडते कारण आईचं आयजीजी वारेतून बाळापर्यंत पोचतं. शेवटच्या काही आठवड्यांत संसर्ग झाला तर ते तयार व्हायला आणि पोचायला वेळच उरत नाही. म्हणजे भीतीचा रिपोर्ट जुन्या आयजीजीचा नसतो. भीती असते ती आजवर निगेटिव्ह असलेल्या बाईला आठव्या-नवव्या महिन्यात नव्याने फोड आले तर.

जननांगाचा हर्पिस आधीपासून असेल, तर ३६व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, किंवा व्हॅलासायक्लोविर ५०० मिलिग्रॅम दोनदा, अशी नेहमीची पद्धत आहे. औषध स्त्रीरोगतज्ज्ञांनीच सुरू करायचं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते. कळा सुरू झाल्यावर फोड असतील, किंवा फोड येण्याआधीची जळजळ-टोचणी जाणवत असेल, तर सिझेरियन. यांपैकी काही नसेल तर नॉर्मल प्रसूती. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह हे सिझेरियनचं कारण नव्हे, कुणी तसं सुचवलं तर दुसरं मत घ्यावं. तिसऱ्या तिमाहीत संसर्ग पहिल्यांदाच झाला असेल, तर ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार सिझेरियनचा सल्ला देतात, विशेषतः प्रसूतीच्या आधीच्या सहा आठवड्यांत.

त्रास काहीच नाही, तरी चाचणी करावी का

सरसकट करू नये. अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफ या प्रतिबंधक आरोग्यसेवेवरच्या तज्ज्ञगटाने लक्षणं नसलेल्यांची, गरोदर बायकांसह, रक्तातून छाननी करू नये असं २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. कारण वर आलंच आहे: खोटे पॉझिटिव्ह बरेच, आणि खऱ्या पॉझिटिव्हमुळेही फारसं बदलत नाही.

एक अपवाद आम्हाला रास्त वाटतो. नवऱ्याला जननांगाचा हर्पिस असल्याचं माहीत आहे आणि बायकोला कधी त्रास झालेला नाही, तेव्हा तिचं टाइप-स्पेसिफिक आयजीजी करावं. निगेटिव्ह आलं, तर शेवटचे तीन महिने संबंध टाळावेत. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. नवऱ्याच्या ओठावर पुळी असेल तर मुखमैथुनही नको. टाइप १ त्याच वाटेने जननांगापर्यंत जातो.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात जो प्रश्न मनात येतो, तो कुणाकडून आलं. प्रतिद्रव्यांवर तारीख नसते. विषाणू वर्षानुवर्षं एकही फोड न आणता मज्जातंतूंत पडून राहतो, लग्नाआधीचाही असू शकतो. कुणाच्या वर्तनाचा पुरावा म्हणून हा कागद वापरता येत नाही.

स्वॅब पॉझिटिव्ह आलेला असेल तर त्याची प्रत, तारीख आणि टाइपसह, प्रसूतीच्या फाइलमध्ये लावून बालरोगतज्ज्ञांनाही दाखवावी. पहिल्या सहा आठवड्यांत बाळाला ताप आला, दूध ओढेनासं झालं, ते मलूल पडलं, झटके आले किंवा कातडीवर पाण्याचे फोड दिसले, तर त्यांना ‘आईला हर्पिस होता’ हे वाक्य सर्वात आधी सांगायचं. स्तनावर फोड नसतील तर अंगावर पाजायला हरकत नाही. ओठावर पुळी असलेल्या कुणीही, मग ती आजी का असेना, बाळाचा पापा घ्यायचा नाही.